आधी एक जिना दुरुस्त करून दाखवा

ठाणे महापालिकेला पाचपाखाडीतलं मुख्यालय पुरेनासं झालंय. म्हणून रेमंडच्या जुन्या जागेवर नवं, उंचच उंच मुख्यालय उभं राहणार आहे. खर्च सातशे कोटींच्या घरात. पायाभरणी ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते झाली आणि त्याच कार्यक्रमात ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोचाही नारळ फुटला. २९ किलोमीटर, २२ स्थानकं, १२,२०० कोटी रुपये. माझं या दोन्हींशी भांडण नाही. मेट्रो हवीच आहे, आणि साहेब लोकांना बसायला जागा लागते हेही मला कळतं. माझा प्रश्न फार किरकोळ आहे. ठाणे स्टेशनात उतरून जांभळी नाक्याला भाजी घ्यायला चालत जाणाऱ्या सत्तरीच्या बाईला वाटेत टेकायला एक बाक, पाण्याचा एक नळ आणि आत पाय ठेवता येईल अशी एक मुतारी हवी असेल, तर त्याच्या पायाभरणीला कोणाला बोलवायचं?

पंतप्रधान येणार नाहीत. मुख्यमंत्रीही नाहीत. नगरसेवकसुद्धा फिरकणार नाही, कारण बाकावर कोनशिला बसवली तर माणसाला बसायला जागा उरत नाही.

मी आर्किटेक्ट आहे, पण मिरवण्यासारखा नाही. नौपाडा, चरई, कल्याणचा पारनाका, डोंबिवलीतलं टिळकनगर इथल्या जुन्या इमारतींची डागडुजी हा माझा धंदा. गळकी गच्ची, फुगलेला कॉलम, मोडका जिना. पुनर्विकासाच्या जमान्यात दुरुस्ती करणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघतात ती नजर मला पाठ आहे. ‘अहो, पाडायच्या बिल्डिंगवर कशाला खर्च करायचा?’ या एका वाक्याने ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या मध्यभागाचा जेवढा घात केला तेवढा कोकणातल्या पावसानेही केला नसेल.

शहराचा मध्यभाग मरतो म्हटलं की अभ्यासू मंडळींच्या डोळ्यांपुढे विलायतेतली ओस पडलेली गावं येतात. फळ्या ठोकलेली दुकानं, चिटपाखरू नसलेले चौक. त्या मापाने बघितलं तर आमचं सगळं ठणठणीत आहे. संध्याकाळी गोखले रोडवर मुंगीला वाट मिळत नाही, मग मेलं काय? मेलं ते असं : खालचा मजला हातभर रस्त्यावर आलाय आणि वरचा मजला कुलूपबंद आहे. खाली मोबाइलची कव्हरं, वर कबुतरं. ज्यांच्या बापजाद्यांनी ही घरं बांधली ती मंडळी घोडबंदर रोडला, खडकपाड्याला, पलावाला गेली. तिथे स्विमिंग पूल मिळाला आणि कोथिंबीर आणायलाही गाडी काढायची सवय लागली. मध्यभागात उरले ते जाऊ न शकलेले म्हातारे, कोर्टकज्ज्यात अडकलेले भाडेकरू, गोडाऊनं, क्लासेस, आणि सकाळ-संध्याकाळ स्टेशनकडे धावणारे लाखो पाय. ते पाय थांबत नाहीत. जिथून माणसं फक्त ढकलली जातात आणि कोणीच थांबत नाही, त्या जागेला मी शहराचं केंद्र म्हणणार नाही. तो बोळ आहे.

आणि थांबण्याजोगं जे काही आहे ते सगळं याच बोळात आहे. मासुंदा तलावाच्या आसपास एक चक्कर मारा. कोपिनेश्वराचं देऊळ, सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च, टेंभी नाक्याजवळचं बेने इस्रायलींचं १८७९ चं सिनेगॉग, गडकरी रंगायतन. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, म्हणजे मुंबई विद्यापीठापेक्षा अवघ्या सात वर्षांनी धाकटं. सुभेदारवाड्याचा गणपती १८९५ पासून बसतो. घोडबंदरच्या कुठल्याही टॉवरला यातलं काही विकत आणता येत नाही; ब्रोशरवर ‘सांस्कृतिक नगरी’ तेवढं छापता येतं. या जुन्या दारांपर्यंत चालत जायचं तर मात्र जीव मुठीत धरावा लागतो. फुटपाथ आहे तिथे दुचाकी आहे, दुचाकी नाही तिथे विजेचा डीपी बॉक्स आहे, आणि दोन्ही नाहीत तिथे गटाराचं झाकण नाही.

एक गोष्ट नीट झाली, ती सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसता किरकिरा आहे. १९७८ साली उघडलेलं गडकरी रंगायतन मोठी दुरुस्ती करून २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा खुलं केलं. पाडून तिथे मॉल आणि सातव्या मजल्यावर नाट्यगृह अशी अक्कल कोणी लढवली नाही. यासाठी मी मनापासून हात जोडतो.

आता उरलेल्या कर्तबगारीकडे येऊ. ठाणे पश्चिमेला स्टेशनाबाहेर सॅटिसचा, म्हणजे बससाठीचा उंच पूल होऊन दीड दशक उलटलं. टीएमटीच्या बस वर गेल्या, रिक्षा खाली राहिल्या. वरची सोय झाली हे कबूल. पण पूल बांधला की त्याच्या पोटाखाली तेवढीच दुसरी जागा तयार होते. तिचा आराखडा कोणी काढला? पुलाचा वरचा भाग इंजिनिअरने काढला, खालचा नशिबावर सोडला. अंधार, ओल, पानाच्या पिचकाऱ्या आणि रिक्षांची कधी सरळ तर कधी वेटोळी रांग. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला ज्या गावात येऊन थांबली त्या गावाचं हे स्वागत-दालन! माटुंग्याला उड्डाणपुलाखाली रहिवाशांनी हट्ट धरून बाग करून घेतली. लोअर परळला सेनापती बापट मार्गाच्या पुलाखाली चालायला, बसायला, पोरांना खेळायला जागा झाली. म्हणजे पुलाखाली उजेड पाडता येतो, आमच्यापासून लोकलने अर्ध्यापाऊण तासावर पाडलेला आहे. कल्याणला तर चालणाऱ्यालाच उचलून स्कायवॉकवर टाकलं, म्हणजे खालचा रस्ता गाड्यांना मोकळा. आता फेरीवाले वरही आहेत आणि खालीही आहेत, आणि चालणारा दोन्हीकडे अंग चोरून चालतो.

मोठ्या कामांनी भागलं नाही की दुसरा अवतार येतो, त्याचं नाव सुशोभीकरण. स्मार्ट सिटीच्या यादीत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोन्ही शहरं सप्टेंबर २०१६ मध्ये आली. ३१ मार्च २०२५ ला ते मिशन संपलं. त्या काळात मासुंद्याच्या काठाला काचेचा पदपथ मिळाला. आता काच हा चालायचा पदार्थ आहे का, तोही वर्षाचे चार महिने धो धो पाऊस पडतो अशा गावात, हे मला एखाद्या जाणत्याने समजावून सांगावं. पुलांच्या खांबांवर फुलपाखरं आली. झाडांना बुंध्यापासून फांद्यांपर्यंत दिव्यांच्या माळा गुंडाळल्या; रात्री पाखरांना झोप नाही म्हणून ते प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. कल्याणला दुर्गाडीजवळ नौदलाची निवृत्त टी-८० नौका आणली. शिवरायांच्या आरमाराची सुरुवात याच खाडीतली, तेव्हा त्या कल्पनेला मी हसणार नाही. पण नौका बघायला येणारं कुटुंब स्टेशनपासून तिथवर चालत कसं येणार, हे नकाशावर कोणी बोट फिरवून बघितलं का?

सुशोभीकरण हे लहान काम नाही, हे एकदा डोक्यात पक्कं बसवलं पाहिजे. लहान कामाने एखाद्याची अडचण दूर होते. सुशोभीकरणात फोटो काढला जातो.

याचा कारखाना आतून कसा चालतो ते मी एकदा जवळून बघितलंय. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका प्रभाग कार्यालयात मी एक नकाशा घेऊन गेलो होतो. फुकट काढलेला. एका चौकातल्या पिंपळाच्या बुंध्याला पेव्हर ब्लॉकनी गळ्यापर्यंत आवळलं होतं. ते ब्लॉक काढायचे, मुळांना माती मोकळी करायची, भोवती दीड फूट उंचीचा दगडी पार बांधायचा, पाराच्या एका अंगाला पाण्याचा नळ, नळाखालचं पाणी गटारात जाईल अशी जाळी. दीड-दोन लाखांचं काम. इंजिनिअरने नकाशा दोनदा उलटून पाहिला.

‘‘साहेब, काम चांगलंय. पण हे घालू कुठल्या हेडखाली? झाड उद्यान विभागाचं, नळ पाणीपुरवठ्याचा, जमीन बांधकामाची.’’

‘‘मग?’’

‘‘एक करा. याला कारंजं जोडा. चारी बाजूंनी पेव्हर, दोन हायमास्ट, एक सेल्फी पॉइंट. चाळीस-पन्नास लाखांचं पॅकेज होईल, चौक सुशोभीकरणात आरामात बसतं. दोन लाखांसाठी फाइल कोण फिरवणार?’’

माणूस भला होता आणि खरं बोलत होता. दोन लाखांच्या फाइलला जेवढ्या सह्या लागतात जवळपास तेवढ्याच दोन कोटींच्या फाइलला लागतात. टेबलं तीच, शेरे तेच. मग दोन लाखांसाठी कोण घाम गाळेल? ठेकेदाराला रस नाही, नगरसेवकाला फ्लेक्स नाही, अधिकाऱ्याला फक्त ऑडिटचा ताप. तेव्हा लहान काम व्हायचं असेल तर त्याने आधी फुगून मोठं व्हावं लागतं, आणि मोठं झालं की त्यातला पार जातो, नळ जातो, कारंजं राहतं. तेही सहा महिने उडतं. मग मोटर जळते, आणि मोटरचा हेड वेगळा असतो. पिंपळ अजून ब्लॉकमध्येच आहे.

पण हे झालं रस्त्याचं. मध्यभाग खरा मरतो तो इमारतीच्या आत, जिन्यात. पारनाक्याच्या किंवा चरईच्या कुठल्याही जुन्या चाळीत शिरा. सागवानी पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. कठड्याचे दोन गज गायब, तिथे नायलॉनची दोरी. जिन्याखाली विजेचे मीटर, आणि वरचा पत्रा बरोबर त्यांच्याच डोक्यावर गळतो. दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी पावसाळ्यात खाली उतरत नाहीत. भाजीवाल्याला वरून पिशवी सोडतात. त्यांच्या शेजारची खोली रिकामी आहे, कारण या जिन्यावरून कोणी भाडेकरू वर यायला तयार नाही, आणि पोरांना शिकवणीला पाठवायला आईबापही नाहीत.

इथे लागतं काय? दहाबारा नव्या फळ्या, खालून दोन लोखंडी चॅनल, कठडा, पत्र्याला एक पन्हाळ आणि मीटर हलवायचा अर्ज. मी असे जिने केलेत म्हणून सांगतो, पंधरा दिवसांचं काम असतं. जिना झाला की आजी खाली उतरते. रिकाम्या खोलीत शिकवणी सुरू होते. संध्याकाळी सात ते नऊ पोरांची ये-जा सुरू झाली की खालचा वह्या-पुस्तकांचा दुकानदार साडेसातला शटर ओढत नाही. खिडकीत दिवा दिसला की गल्लीतून एकटी मुलगी बिनघोर जाते. शहराच्या मध्यभागाचं पुनरुज्जीवन म्हणून जे काही परिसंवादात बोललं जातं ते एवढंच असतं, आणि ते जिन्यापासून सुरू होतं.

मग जिना दुरुस्त का होत नाही? मालक म्हणतो, महिन्याला साठ रुपये भाडं येतं, त्यात मी दुरुस्ती करू? भाडेकरू म्हणतो, घर तुझं, मी का करू? कायद्याने दोघांची गाठ छान मारून ठेवलीय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४. घर नीट ठेवायची जबाबदारी मालकाची. त्याने नाही केलं तर भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, दुरुस्ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा. पण एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. साठ रुपये महिना म्हणजे वर्षाचे सातशे वीस. त्याचा चौथा हिस्सा एकशे ऐंशी. एवढ्यात सिमेंटची एक गोणीसुद्धा येत नाही. कायदा म्हणतो, घ्या, तुम्हाला हक्क दिला.

मुंबई शहरात निदान १९६९ च्या कायद्याने उपकर लावून इमारत दुरुस्ती मंडळ तरी काढलं. त्या मंडळाच्या कारभाराची आरती मी ओवाळणार नाही, पण जुन्या इमारतीला टेकू लावायला कोणीतरी येतं. शीव-माहीम ओलांडलं की तेही नाही. आमच्याकडे आहे ती यादी. पावसाळा तोंडावर आला की महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-१ म्हणजे रिकामी करा आणि पाडा. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा. सी-२बी म्हणजे माणसं राहत असतानाच दुरुस्त करा. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. नोटीस चिकटवली की पालिकेचं काम संपलं. सी-३ वाल्याला पैसा कोण देणार, माणूस कोण देणार, परवानगी किती दिवसांत देणार, याचं उत्तर नोटिशीत नसतं. म्हणून आजची सी-३ दहा वर्षांत सुखाने सी-१ होते. आणि त्या दिवसाची वाट बघत कोण बसलेलं असतं हे नौपाड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

२८ जुलै २०१५ ला ठाकुर्लीत एक इमारत कोसळली. नऊ माणसं गेली. आठवड्याभरात, ४ ऑगस्टला, ठाण्यात बी-केबिनजवळ कृष्ण निवास कोसळली. बारा गेली. अशा मृत्यूंवर सरकारने शोधलेलं औषध म्हणजे क्लस्टर, म्हणजे समूह पुनर्विकास. एकेका योजनेला मोठी जागा हवी. मोडकळीला आलेल्या, अनधिकृत, एकमेकांना चिकटलेल्या इमारतींच्या वस्त्यांना दुसरा इलाज नाही हे मी मान्य करतो. ठाण्याच्या किसननगरसारख्या वस्तीला डागडुजीचा सल्ला द्यायला मी वेडा नाही. पण गावातली तीन मजली, अधिकृत, पन्नास वर्षांची, दोन कॉलम आणि एक गच्ची दुरुस्त केली की आणखी तीस वर्षं उभी राहील अशी इमारत? तिलाही क्लस्टरच्या रांगेत उभं करायचं? जुनं तेवढं पडतं हाही एक भ्रमच आहे. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळची लकी कंपाउंडमधली इमारत पडून ७४ जण मेले, ती तर अजून बांधून पुरीही झाली नव्हती.

लहान कामांनी कुठे शहर बदलतं का, असं मला नेहमी ऐकवतात; बहुधा एसी केबिनमध्ये. त्यांना मी अॅम्स्टरडॅमची गोष्ट सांगतो. दुसरं महायुद्ध संपलेलं, शहर खंगलेलं, पैसा नाही, जागोजाग पडक्या घरांच्या मोकळ्या जागा. महापालिकेच्या नगररचना खात्यात आल्डो व्हॅन आइक नावाचा तरुण आर्किटेक्ट नोकरीला होता. १९४७ साली त्याने एका लहानशा चौकात मुलांसाठी जागा केली : वाळूचा हौद, उड्या मारायला गोल दगड, लोंबकळायला लोखंडी कांबी, आईबापांना बाकं. बस. शेजारच्या गल्लीतल्या लोकांनी खात्याला पत्र लिहिलं, आम्हालाही हवं. खात्याने जागा बघितली, व्हॅन आइकने नकाशा काढला. मग तिसऱ्या गल्लीचं पत्र आलं. १९७८ पर्यंत सातशेहून जास्त जागा झाल्या. एकाही जागेला जागतिक निविदा लागली नाही, सल्लागार नेमावा लागला नाही. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पत्राला उत्तर येत होतं आणि उत्तर म्हणून माणूस फूटपट्टी घेऊन येत होता.

इतक्या लांब जायचं नसेल तर ठाण्यातच या. आर्किटेक्ट रोहन चव्हाण यांनी २०१६ मध्ये ठाण्यात महामार्गालगत बायकांसाठी एक स्वच्छतागृह बांधलं, ‘लाइट बॉक्स’ नावाचं. जागेत मधोमध झाड होतं. आपल्याकडची रीत काय? झाड ‘अडथळा’ ठरवायचं आणि एका रविवारी पहाटे आडवं करायचं. यांनी झाड तसंच ठेवून त्याच्याभोवती खोल्या बसवल्या, वरून उजेड झिरपेल असं छप्पर घातलं आणि बायकांना घटकाभर टेकायला, बोलायला जागा ठेवली. परदेशातल्या वास्तुकलेच्या नियतकालिकांनी ते छापलं. एवढं हातात आयतं उदाहरण असताना दोन्ही महापालिकांनी स्टेशनांभोवती त्याची भावंडं उभी करायला हवी होती. ठाणे, कळवा, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. ज्या बायका पहाटे पाच पंचावन्नची लोकल पकडतात आणि रात्री नऊला परततात, त्या दिवसभर पाणी कमी का पितात हे एखाद्या डीपीआरमध्ये, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालात, कधी लिहिलंय का?

डोंबिवलीने तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुरावा ठेवलाय. फडके रोड. दिवाळीच्या पहाटे तिथे गणेश मंदिराच्या दिशेने जी गर्दी लोटते, नवे झब्बे, नऊवाऱ्या, जुने वर्गमित्र, ती बघायला ठाण्या-मुलुंडहून माणसं येतात. १९९९ पासून गुढीपाडव्याची स्वागतयात्रा निघते. ती डोंबिवलीत सुरू झाली आणि मग गावोगाव गेली. या दोन सकाळी फडके रोडवर असं काय वेगळं असतं? नवी फरशी असते? काचेचा पदपथ असतो? नाही. फक्त गाड्या नसतात. उरलेले दिवस हाच रस्ता रिक्षा, दुचाकी आणि भोंग्यांच्या ताब्यात असतो आणि आपण म्हणतो, डोंबिवलीत फिरायला जागा नाही. ब्राझीलच्या कुरितिबा शहरात महापौर जैमे लर्नर यांनी १९७२ साली मुख्य बाजाराचा रस्ता शुक्रवारच्या रात्री खणायला घेतला आणि सोमवारी पादचाऱ्यांच्या हवाली केला, विरोधकांना कोर्टात जायलाही सवड मिळू दिली नाही. पुण्याने डिसेंबर २०२१ मध्ये लक्ष्मी रोडवर पादचारी दिन सुरू केला. वर्षातून एक दिवस का होईना, केला. फडके रोडला दर रविवारी सकाळी दहापर्यंत गाड्या बंद करायला किती कोटी लागतील? दोन बॅरिकेड आणि एक हवालदार.

दोष फक्त पालिकेवर ढकलून मोकळं होता येणार नाही, कारण या पापात आपण पांढरपेशे बरोबरीचे भागीदार आहोत. सोसायटीच्या सभेत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला माणशी पाच हजार काढायचे म्हटले की खोकल्याची साथ येते. पण बिल्डर आला की तेच सभासद कार्पेट किती वाढवणार, कॉर्पस किती देणार, दोन गाड्यांचं पार्किंग मिळणार का, म्हणून रात्री अकरापर्यंत हटत नाहीत. पार्किंग मिळतंच. पूर्वी जिथे दुकानाचा ओटा होता, ओट्यावर दुपारी गप्पा होत्या, तिथे आता पार्किंगची लोखंडी जाळी, एक गेट आणि एक कंटाळलेला वॉचमन असतो. नौपाड्यातल्या काही गल्ल्यांतून चाललं की दोन्ही बाजूंना गाड्यांचीच घरं दिसतात. माणसं चौथ्या मजल्यापासून सुरू होतात. माझे व्यवसायबंधू ही गणितं वहीत बसवून देतात, एफएसआयचा शेवटचा इंच पिळून काढतात आणि शनिवारी ‘वारसा’ या विषयावर भाषण द्यायला जातात.

फेरीवाल्यांबद्दलही आपलं असंच. ऑफिसातून येताना त्याच्याकडूनच मेथीची जुडी घ्यायची आणि घरी आल्यावर त्यालाच हटवा म्हणून व्हॉट्सअॅपवर लिहायचं. २०१४ चा पथविक्रेता कायदा म्हणतो, नगर पथविक्रेता समिती करा, जागा ठरवा. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने स्टेशनपासून दीडशे मीटरमध्ये बसायला मनाई केली. दीडशे मीटरच्या पलीकडे काय, याचं उत्तर एका चांगल्या ओट्यात आहे : कमरेइतका उंच, सहा बाय चार, वर पत्र्याचं छप्पर, मागे पाण्याचा नळ, खाली माल कुलपात ठेवायला कप्पा, समोर चालायला आठ फूट मोकळे. पन्नास ओट्यांची एक गल्ली नीट करा आणि दंडाच्या पावत्यांचा हिशोब बघा. पण मग गाडी आली की पळापळ, सामान जप्त, संध्याकाळी पुन्हा तिथेच, हा रोजचा खेळ बंद पडेल, आणि त्या खेळावर बऱ्याच जणांच्या चुली पेटतात.

कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासक होते. जाब विचारायला माणूसच नाही, अशी सबब आपण इतकी वर्षं ऐकली. २०२६ च्या जानेवारीत निवडणुका झाल्या. आता माणसं आहेत, प्रभागात आहेत, त्यांचे फोन लागतात. माझं मागणं फार नाही. दोन्ही महापालिकांनी अंदाजपत्रकात लहान कामांचा एक स्वतंत्र हेड काढावा, ज्यातलं एकही काम पाच लाखांच्या वर जाणार नाही, एकाही कामावर नावाची पाटी लागणार नाही आणि ज्याची फाइल तीन सह्यांत संपेल. गावठाणातल्या सी-२बी आणि सी-३ इमारतींसाठी दुरुस्तीचा निधी सुरू करावा, मुंबईसारखा, आणि त्यासाठी थोडा उपकर लावला तर मी पहिल्या दिवशी भरीन. भाडे कायद्यातला तो एक चतुर्थांशाचा विनोद आमदारांनी दुरुस्त करावा. ठाण्याच्या माणसांनी राज्य चालवलंय, तेव्हा विधानभवनाचा रस्ता इथल्या कोणाला ठाऊक नाही असं नाही. सांडपाणी, लोकलची गर्दी, पाण्याची टंचाई यातलं काहीही यामुळे सुटणार नाही. पण आजी खाली उतरेल.

तुमचा नवा नगरसेवक आभाराचा फ्लेक्स उतरवून कधीतरी घरी येईलच. त्याला मेट्रोबद्दल विचारू नका, ती त्याच्या हातात नाही. आपल्या गल्लीतलं एक काम बोट दाखवून सांगा : हा जिना, ही मुतारी, हे गटाराचं झाकण, हा पार. येत्या पावसाळ्याआधी होईल की नाही, हो किंवा नाही एवढंच विचारा. उत्तरात ‘डीपीआर’ आला तर चहा विचारू नका.